शेरेबुकातलं पहिलं पान

"माझ्या बोर्डिंगातला कागद हरवत नाही," चंद्राबाई तपासणीच्या साहेबांना म्हणाल्या. "रॉकेलच्या पावतीपासून देणगीदारांच्या पत्रापर्यंत काय हवं ते मागा, साहेब. तुम्ही नुसतं मागा."

साहेबांनी शेरेबुक मागितलं.

चंद्राबाई आमच्या बोर्डिंगच्या अधीक्षिका. आणि शेरेबुक म्हणजे तपासणीला किंवा भेटीला आलेला माणूस ज्यात चार ओळी लिहून सही ठोकतो ते जाडजूड पुस्तक. ते ऑफिसातल्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर लाल फडक्यात बांधून ठेवलेलं असायचं. आमचा शिपाई धोंडूकाका रोज सकाळी त्याच्यावरची धूळ झटकायचा. गाठ मात्र त्याने कधी सोडली नव्हती, कारण सोडायला कोणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सोडली. वरचा पुठ्ठा शाबूत होता, खालचा पुठ्ठा शाबूत होता, आणि मध्ये पानांच्या जागी माती होती. वाळवीने आजवरच्या सगळ्या साहेबांचे शेरे खाऊन टाकले होते. चांगले कुठले नि वाईट कुठले, काही बघितलं नव्हतं.

धोंडूकाकाने ती माती फुंकून बघितली. ती त्याच्याच मिशीवर बसली. मी आणि शिवथरची कुंदा चहाचे कप घेऊन दारात उभ्या होतो, त्यामुळे आम्हाला हसू आलं. साहेबांनी आमच्याकडे बघितलं.

चंद्राबाईंचा हात तोवर टेबलावर चाचपडत होता. बुडत्या माणसाच्या हाताला जे लागतं ते तो धरतो. चंद्राबाईंच्या हाताला बोर्डिंगातल्या मंजुळाचा ऑटोग्राफचा अल्बम लागला.

हा अल्बम गुलाबी रेक्झिनचा होता. कव्हरवर दोन हंस माना एकमेकांत गुंतवून बसलेले. पानांच्या कडा सोनेरी, पानं लिंबू, आकाशी आणि गुलाबी रंगाची, आणि उघडलं की अत्तरासारखा वास यायचा. दहावीच्या निरोप समारंभानंतर मंजुळाने तो मोठ्या भक्तीने बाईंना लिहायला दिला होता. 'यशस्वी हो' लिहावं की 'कीर्तिवंत हो' याचा बाईंचा निर्णय होत नव्हता, म्हणून तो टेबलावरच पडून होता.

"हे शेरेबुक?" साहेबांनी हंसांकडे बघत विचारलं.

"नवीन केलंय, साहेब. मुलींचं बोर्डिंग म्हटल्यावर जरा तसं."

साहेबांनी वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला. तो त्यांना आवडला असावा. उघडून बघतात तर आतली बरीच पानं लिहिलेली आणि पहिलंच पान कोरं. हे कोरं का, म्हणून त्यांनी विचारलं. आणि चंद्राबाईंच्या तोंडून ते वाक्य गेलं.

"ते आपल्यासाठीच राखून ठेवलं होतं, साहेब."

साहेब खुलले. खिशातून लाल पेन काढून त्यांनी लिंबू रंगाच्या पानावर वरच्या अंगाला बारीक अक्षरात लिहिलं: 'संस्थेस आज भेट दिली. स्वयंपाकघर बरे. इमारत जुनी. शिस्त असमाधानकारक. मुली विनाकारण हसतात.' खाली सही. मग त्यांना सरकारी शहाणपण आठवलं आणि त्यांनी एकेका पानाच्या कोपऱ्यात लाल आकडे टाकले. शेवटच्या पानावर 'पाने मोजून प्रमाणित केली' असं लिहिलं, आणि बोर्डिंगचा गोल शिक्का मागून घेऊन स्वतःच्या हाताने कव्हरवर दाबला. तो डावीकडच्या हंसाच्या पोटावर उमटला.

त्या क्षणापासून मंजुळाचा अल्बम सरकारी दप्तर झाला. आता त्यातलं पान फाडायची कोणाच्या बापाची टाप नव्हती.

पहिलं पान का कोरं होतं ते सांगायला हवं.

आमचं बोर्डिंग जुनं. आमच्या लोकांच्या पोरांना महाडात शिकायला खोली मिळत नव्हती, त्या काळात पेन्शनीवर आलेल्या आमच्याच काही फौजी म्हाताऱ्यांनी ते उभं केलं. आधी मुलांचं होतं, मग मुलींचं झालं. आम्ही पोलादपूर, वरंध, शिवथर असल्या वरच्या अंगाच्या वाड्यांतून यायचो, बोर्डिंगात राहायचो आणि गावातल्या हायस्कुलात जायचो. तिथे कोणी आम्हाला काही बोलायचं नाही. फक्त आम्ही सगळ्या एकाच खिडकीकडच्या बाकांवर बसलेल्या असायचो. त्या बाकांना 'बोर्डिंगची बाकं' म्हणत, आणि हे कोणी ठरवलं होतं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

आठवीत अम्बरीन वर्ष अर्धं झाल्यावर वर्गात आली. जागा रिकामी होती ती मंजुळाशेजारी. ती बसली. पुढच्या महिन्यात पुढची जागा रिकामी झाली, तेव्हा वर्गाच्या बाईंनी तिला पुढे बोलावलं. ती म्हणाली, इथे खिडकीचा उजेड चांगला येतो. खिडकीबाहेर भिंत होती.

दहावीच्या शेवटी वर्गात ऑटोग्राफचे अल्बम फिरायला लागले. पहिल्या बाकापासून निघायचे, सगळीकडून हिंडून यायचे, आणि आमच्या बाकांच्या आधी वळून परत जायचे. अम्बरीनने हे दोन-चार दिवस बघितलं. तिचे अब्बा, जहांगीरभाई, कुवेतला होते. त्यांनी तिच्यासाठी पाठवलेला तो गुलाबी अल्बम तिने आणून मंजुळाच्या दप्तरात घातला. म्हणाली, आता आपलाच फिरवू, त्यांच्याकडे वळवायचाच नाही. अट एकच. पहिलं पान तिचं. ते ती सगळ्यात शेवटी लिहिणार, जायच्या वेळी, कुवेतचा पत्ता हातात आला की.

कारण परीक्षा झाली की जहांगीरभाई अख्ख्या बिऱ्हाडाला तिकडे नेणार होते. मग मंजुळाकडे अम्बरीनचं जे काही उरणार होतं ते त्या एका पानावर.

साहेबांनी चहा पिता पिता पुढची पानं चाळली. चाळली म्हणजे वाचली. हे पुस्तक शेरेबुक आहे असं एकदा ठरल्यावर त्यात जे लिहिलंय ते सगळे शेरेच. त्यांच्या कपाळावर आठ्या पडायला लागल्या.

वरंधच्या बेबीने लिहिलं होतं: 'आमटीत डाळ शोधण्यासाठी बॅटरी मिळावी ही नम्र विनंती.'

कुंदाने लिहिलं होतं:
'डोंगरावर डोंगर, डोंगराला घाट,
मंजुळा घोरते तेव्हा पत्र्यांची लागते वाट.'

आणि जवळजवळ प्रत्येक पानाच्या तळाला होतं, 'मंजुळा, लग्नाला बोलवायला विसरू नकोस.'

साहेबांनी कप खाली ठेवला. एवढे गंभीर शेरे असताना संस्थेने काय पूर्तता केली, असं त्यांनी विचारलं. चंद्राबाईंना आता खरं सांगता येत नव्हतं. खरं सांगितलं तर वाळवी सांगावी लागली असती. साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम दिले. एक, जेवणाच्या वेळी बॅटरीची सोय व्हावी आणि डाळ का सापडत नाही त्याची चौकशी व्हावी. दोन, घोरण्याने हलणारे पत्रे धोकादायक असतात, त्याची पाहणी ते स्वतः करतील. तीन, मंजुळा नावाच्या अल्पवयीन मुलीचं लग्न ठरलंय असं दिसतं, तरी तिच्या वडिलांना बोलावून लेखी खुलासा घ्यावा. ते पुढच्या शुक्रवारी परत येतील. तोवर दहावीच्या मुलींनी घरी जायचं नाही आणि पुस्तक कपाटाबाहेर काढायचं नाही.

साहेब गेल्यावर मंजुळा अल्बम मागायला गेली. बाईंनी कपाटाला कुलूप लावलं होतं आणि किल्ली कमरेला.

"त्यातलं पहिलं पान अम्बरीनचं होतं, बाई," मंजुळा म्हणाली. "ती शुक्रवारीच जायची हाय."

चंद्राबाई वाईट नव्हत्या. घाबरल्या होत्या. माणूस घाबरला की नियमाच्या भाषेत बोलतो, तशा त्या बोलल्या. दप्तर, प्रमाणित, जबाबदारी. मग खिडकीबाहेर बघत बसल्या. मंजुळा निघून आली आणि खाटेवर पालथी पडून राहिली.

इकडे कुंदाने आपलं काम चोख केलं होतं. ती तेल आणायला बाजारात गेली आणि दारात उभी राहून ऐकलेलं बाईंचं वाक्य जशाच्या तसं वर्गातल्या तीन जणींना सांगून आली. संध्याकाळपर्यंत ते मोहल्ल्यात अम्बरीनकडे पोचलं. मंजुळाने म्हणे पहिलं पान साहेबांसाठी राखून ठेवलं होतं.

पुढचे दिवस बोर्डिंगात पूर्ततेचे होते. बॅटरी आली. जेवताना ती धरून धोंडूकाका पंगतीत फिरायचा आणि प्रत्येकीच्या ताटात उजेड पाडून विचारायचा, दिसली का. आमची स्वयंपाकीण रंगूबाई हे दोन जेवणं बघत राहिली. तिसऱ्या जेवणाला तिने आमटी अशी केली की डाव आत गेला तो तिथेच उभा राहिला. "आता शोधा पानी," ती म्हणाली.

पत्र्यांचंही तसंच. साहेब येण्याआधी आपणच बघून घ्यावं, असं चंद्राबाईंनी ठरवलं. भर दुपारी मंजुळाला झोपायला सांगितलं आणि धोंडूकाकाला पत्र्यावर कान लावून बसवलं. मंजुळाला झोप कुठली. ती भिंतीकडे तोंड करून मुसमुसत होती. धोंडूकाकाने वरून कळवलं की घोरणं नाही, पण पोरगी रडतेय, तर ते लिहू का. तसा रकाना नव्हता.

तिसरी पूर्तता मंजुळाच्या वडिलांची. चांगूभाऊंची वाडी पोलादपूरच्या वर, गाडीरस्ता संपतो त्याच्याही वर. तिकडे निरोप जायचा तो एस्टीच्या कंडक्टरकडून टपरीवाल्याकडे, टपरीवाल्याकडून दूधवाल्याकडे आणि दूधवाल्याकडून डोंगरावर. चंद्राबाईंनी कंडक्टरला नीट सांगितलं की मंजुळाच्या लग्नाबाबत खुलासा करायला शुक्रवारी या. प्रत्येक माणसाने वरच्या माणसाचा वेळ वाचवायला निरोप थोडा आटोपता केला. डोंगरावर पोचला तेव्हा तो असा झाला होता: मंजुळाचं लग्न, शुक्रवारी, या.

गुरुवारी मंजुळा उठली, तोंड धुतलं आणि मला म्हणाली, चल. आम्ही अम्बरीनच्या घरी गेलो.

घरात सामान बांधायचं चाललं होतं. अम्बरीनचा मोठा भाऊ जुनैद ट्रंकांना दोर आवळत होता. तिची अम्मी, महरुन्निसाचाची, आम्हाला बघून हसली आणि बसा म्हणाली, पण बसायला काही उरलं नव्हतं. अम्बरीन एका ट्रंकेवर पाठमोरी बसली होती.

"साहेबांसाठी राखलं होतंस म्हणे," ती न वळता म्हणाली. "मग पत्रंही त्यांनाच लिही. सरकारी माणूस आहे, पत्ता बदलत नाही."

"मी तुझ्यासाठी राखलेलं."

"नाव टाकलं होतंस माझं त्याच्यावर?"

"नाय."

"का नाय?"

 मंजुळा म्हणाली, "आमच्यासाठी कुणी कधी काय राखलंच नाय गो. राखलेल्या जागेवर नाव टाकायचं असतं, ते मला म्हायतीच नव्हतं."

अम्बरीन ताडकन उठायला गेली आणि तशीच मागे ओढली गेली. जुनैदने ट्रंकेबरोबर तिची ओढणीही आवळली होती. मग तो दोर सोडा, गाठ कापा, यात भांडण कुठे गेलं ते कळलं नाही. अम्बरीन म्हणाली, "उद्या जुम्म्याची नमाज झाली की निघायचं आहे. जीप तुमच्या दारात थांबवते. पण त्या पुस्तकात मला लिहू देतील?"

हे मंजुळाने अजून कोणाला विचारलं नव्हतं.

परत येऊन तिने विचारलं. बाईंनी मान हलवली, म्हणजे नाही. शेरेबुकात फक्त भेट देणारे मान्यवर लिहू शकतात, बोर्डिंगची मुलगी नाही की तिची मैत्रीण नाही. रंगूबाई भाजी निवडत दारात बसली होती. ती म्हणाली, "मंग ती पोरगी भेट द्यायलाच येते हाय ना?"

"मान्यवर म्हटलंय त्यात, रंगूबाई."

"इमानात बसनार हाय ती. तुमचा साहेब कधी बसला काय इमानात?"

चंद्राबाईंनी नियमांचं पुस्तक काढून बघितलं. मान्यवर म्हणजे कोण ते कुठेच लिहिलं नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि सांगितलं की बरं, येऊ दे. पण साहेब यायच्या आत, मागच्या पानावर आणि सभ्य भाषेत.

शुक्रवार उजाडला. आम्ही आंघोळी करून, वेण्यांना रिबिनी लावून दुपारी साहेबांच्या स्वागतासाठी दोन रांगांत उभ्या. पहिल्यांदा आले ते चांगूभाऊ. डोक्याला कोरा पटका, हातात नवी साडी, मागे मंजुळाची आत्या सोनाबाई आणि वाडीतली चार माणसं, सगळी ठेवणीतल्या कपड्यांत. चांगूभाऊंचा चेहरा रात्रभर जागलेल्या माणसाचा होता. ते थेट चंद्राबाईंसमोर गेले आणि हात जोडले.

"शिकाया ठेवली होती पोरगी, बाई. तुमी ठरवलंय ते बऱ्यासाठीच ठरवलं असंल. पन नवरा कोन हाय, ते तरी सांगा."

बाई सांगायला लागल्या, पण तेवढ्यात पोरींनी गाणं सुरू केलं, कारण फाटकात जीप वळली होती.

आम्हाला शिकवलं होतं की जीप दिसली की गायचं. जीप साहेबांची नव्हती, अम्बरीनची होती. वरती टपावर ट्रंका, पुढे जुनैद स्टिअरिंगला. पण एकदा सुरू केलेलं स्वागतगीत मध्ये तोडायचं नाही, हेही शिकवलं होतं. हार अम्बरीनच्या गळ्यात गेला. शाल आणि नारळ कोणाला द्यायचा ते बेबीला ठाऊक नव्हतं म्हणून तिने ते जुनैदला दिले. सोनाबाई आत्याने शाल पांघरलेल्या जुनैदला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि चांगूभाऊंना हळूच म्हणाली, "उंची बरी हाय."

आणि साहेब? साहेब केव्हाच आलेले होते. सांगून ठेवलेल्या वेळेला येणं ही तपासणी नव्हे, असं त्यांचं मत होतं. म्हणून ते स्टँडवरून चालत मागच्या दाराने आत शिरले. तिथे भिंतीला शिडी लावलेली होती. वर चढून ते पत्र्यांची पाहणी करत होते. तेवढ्यात धोंडूकाका आला. तोरणाचं एक टोक बांधायचं राहिलं होतं. त्याने शिडी उचलली आणि पुढच्या दाराला नेली.

अम्बरीन ऑफिसात साहेबांच्या खुर्चीत बसली. शेजारी तिची अम्मी. बाईंनी कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं, अल्बम टेबलावर ठेवला. शेजारी शिक्का ठेवला, आणि साहेब गेल्या खेपेला विसरून गेलेलं लाल पेन ठेवलं. त्याच वेळी डोक्यावर पत्रा वाजला आणि आवाज आला, "शिडी कोणी नेली?"

आम्ही सगळ्या वर बघायला लागलो. बाईंनीही बघितलं. त्यांना आवाज ओळखू आला हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. धोंडूकाका शिडी घेऊन धावला, तर बाईंनी त्याला दारातच थांबवलं.

"तोरण पूर्ण झालं?"

"एक गाठ राहिली हाय."

"मग ती आधी बांध. नीट बांध." आणि अम्बरीनकडे वळून म्हणाल्या, "तू लिही, बाळा. सावकाश लिही."

बाईंनी मागचं पान काढून दिलं होतं. अम्बरीनने ते उलटवलं आणि पुढे पहिल्या पानाशी गेली. साहेबांचं अक्षर बारीक होतं. शेरा वरच्या अर्ध्यात संपला होता, खालचं अर्धं पान लिंबू रंगाचं तसंच कोरं होतं. तिने वरचा शेरा पहिल्या शब्दापासून वाचला. मंजुळाकडे बघितलं. मग लाल पेन उचललं. आम्ही खुर्चीमागे गर्दी करून एकेक शब्द उमटताना वाचत होतो.

'वरील शेरा मी वाचला. तो चूक आहे. या मुली विनाकारण हसत नाहीत. मी आठवीपासून यांच्या बाकावर बसले आहे. प्रत्येक वेळी कारण होतं, आणि बहुतेक वेळा ते फळ्यासमोर उभं असायचं. या बाकावर उजेड येत नाही पण बसायला ते चांगलं आहे. मंजुळा, हे पान माझं होतं, आता अर्धं आहे. चालेल. खाली पत्ता देते. तुझं पत्र आलं नाही तर मी पुन्हा तपासणीला येईन.'

खाली तिने सही केली आणि सहीखाली लिहिलं, 'मान्यवर'. मग खिशातली चिठ्ठी बघून कुवेतचा लांबलचक पत्ता उतरवला आणि चिठ्ठी चुरगळून टाकली, कारण आता ती लागणार नव्हती.

चंद्राबाईंनी चष्मा पुसला आणि सगळं वाचलं. वर पत्रा पुन्हा वाजला. "नोंद योग्य आहे," त्या म्हणाल्या, शिक्का उचलला, त्याच्यावर तोंडाची वाफ सोडली आणि अम्बरीनच्या सहीवर दाबला. आजवर कुठल्याही साहेबाच्या सहीवर इतका स्वच्छ शिक्का उमटला नसेल. मग त्यांनी मंजुळाला सांगितलं की साहेबांना दाखवून झालं की त्या नवं शेरेबुक आणतील, साहेबांचा शेरा त्यात उतरवून घेतील आणि हे तिला देतील. नियमात बसत नसेल तर बसवतील.

 मंजुळाने अम्बरीनला गळ्यातल्या हारासकट घट्ट धरलं, आणि झेंडू दोघींमध्ये चेपला गेला. बाहेर चांगूभाऊंना रंगूबाईने समजावलं होतं की लग्न नाही, नुसता लेखी खुलासा द्यायचा आहे. ते व्हरांड्यात मटकन बसले आणि पटक्याने घाम पुसायला लागले. सोनाबाई आत्याची मात्र जरा निराशा झालेली दिसली.

जुनैदने हॉर्न वाजवला. विमान रात्रीचं होतं आणि वडखळला गाड्या तुंबतात, असं तो ओरडून सांगत होता. एकच धांदल उडाली. महरुन्निसाचाची आवरतं घ्या म्हणत पिशव्या गोळा करायला लागली, आम्ही सगळ्या अम्बरीनला धरून फाटकापर्यंत गेलो, आणि जीप वळणाआड जाईपर्यंत हात हलवत राहिलो. मंजुळा सगळ्यांच्या पुढे रस्त्यात उभी होती.

मग धोंडूकाकाने शिडी लावली. साहेब खाली उतरले. त्यांच्या पँटला गंज लागला होता आणि कपाळ उन्हाने लाल झालं होतं, पण पत्रे हलत नाहीत याची त्यांची खात्री झाली होती. ती नोंद करायची म्हणून त्यांनी शेरेबुक मागितलं.

टेबलावर नारळ होता. शाल होती. मंजुळाने शालीखाली बघितलं, बाईंनी कपाटात बघितलं, धोंडूकाकाने टेबलाखाली बघितलं, आणि चांगूभाऊंनी काय शोधायचं ते न विचारता स्वतःची पिशवी उलटी केली. महरुन्निसाचाची आठवडाभर सामान बांधत होती. या दिवसांत कुठल्याही टेबलावर जे दिसेल ते पिशवीत टाकायचा तिच्या हाताला नाद लागला होता.

जीप तोवर लोणेऱ्याच्या पुढे गेली होती. शेरेबुक, साहेबांचं लाल पेन आणि बोर्डिंगचा गोल शिक्का तिच्यात होते.